फीडबॅकची वायर

हेंद्र्यांच्या दाराची बेल वाजवायला अण्णांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"वैजे," ते हळूच म्हणाले, "आत गेल्यावर काय बोलायचं?"

"काही नाही."

"आणि कुणी काही दाखवलं तर?"

"छान आहे."

"आणि ते बिघडलेलं असलं तर?"

"तरी छान आहे."

"शाब्बास," असं म्हणून त्यांनी बेल दाबली. ती वाजलीच नाही, नुसती खर्र करून गप्प बसली. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. अण्णांनी तो वरच्या वर पकडला आणि दुसऱ्या हातानं कडी वाजवली.

त्यांची काळजी काही खोटी नव्हती. माझ्या तोंडापायी तीन स्थळं गेली होती. पहिल्यांच्या घरी मी म्हटलं, टीव्हीची अँटेना उलट्या बाजूला तोंड करून बसलीय. ती मुलाच्या आजोबांनी स्वतः गच्चीवर चढून लावली होती. दुसरा मुलगा बॅटरीवर थेट ट्रान्सफॉर्मर चालवायच्या गप्पा मारत होता, तो बॅटरीवर चालतच नाही, म्हणून मी हसले. तिसऱ्या वेळी तर मी कुणाला काही बोललेसुद्धा नाही, नुसती पत्रिकेतल्या गुणांची बेरीज करून दाखवली. गुरुजींनी सव्वीस सांगितले होते, भरत होते एकवीस. त्या दिवशी घरी आल्यावर आई चार तास माझ्याशी बोलली नाही, आणि आमच्या आईच्या मानानं ते फारच होतं.

साल सत्त्याण्णव. मी सव्वीस वर्षांची. कऱ्हाडला अण्णांचं 'माळवदे टेलर्स' नावाचं शिलाईचं दुकान होतं, आणि त्याच दुकानात खिडकीपाशी माझं टेबल. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होते. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "दुरुस्तीवाले कुठायत?" मी म्हणायची, "जेवायला गेलेत, ठेवा इथं." आणि संध्याकाळी तेच दुरुस्त करून द्यायची.

हेंद्रे मंडळी आठ दिवसांपूर्वी मला बघायला दुकानामागच्या आमच्या घरी येऊन गेली होती. मंडळी म्हणजे दोघंच, विद्याधर आणि त्याची आई. वडील नव्हते. बाकीच्या मुलांनी मला विचारलं होतं, पुरणपोळी जमते का, गाणं येतं का. या बाबानं माझ्या टेबलाकडे बघून विचारलं, "वायरी जोडायला सोल्डर कुठलं वापरता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा धूर फार होतो." एवढंच. त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर भाजल्याची ताजी खूण होती. मी ती बघितली आणि माझं काम झालं. लपवून काय करू? मला तो माणूस हवा होता. आठ दिवस मी एकाही रेडिओचं झाकण धड बसवलं नव्हतं.

आता आम्ही सांगलीला त्यांचं घर बघायला आलो होतो. मामाही येणार होते, पण त्यांना ऐनवेळी ताप भरला. म्हणून मला आवरायला अण्णा एकटेच.

विद्याधरच्या आईनं दार उघडलं. "या, या. बेल वाजत नाही हो आमची," त्या म्हणाल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे.

काकूंनी साबुदाण्याचे वडे केले होते. वडे ठेवून त्या परत आत गेल्या, कारण स्वयंपाकघरात रेडिओवर त्यांची श्रुतिका लागली होती. "वाईट वाटून घेऊ नका," त्या दारातून म्हणाल्या, "आज तेरावा भाग आहे. खून कुणी केला ते आज सांगणार आहेत. कान तिकडे, पण लक्ष तुमच्याकडेच आहे माझं."

विद्याधर मात्र वड्याला हात न लावता नुसता चुळबुळत बसला होता. शेवटी त्याच्यानं राहवेना. "तुम्हाला एक दाखवू का?" त्यानं मला विचारलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा टॉवेल उचलला.

टॉवेलाखाली एक ॲल्युमिनियमची डबी होती. हेडफोन अॅम्प्लिफायर. कॅसेट प्लेअरचा आवाज मोठ्या हेडफोनला पुरत नाही, तो पुरवणारं यंत्र. सगळं त्यानं स्वतः केलं होतं. बोर्ड स्वतः कोरला होता, डबीला भोकं स्वतः पाडली होती, आवाजाच्या बटणाभोवती पांढऱ्या रंगानं एक ते दहा आकडे काढले होते. सातचा आकडा जरा वाकडा होता, आणि मला तोही आवडला.

"ऐका," तो म्हणाला आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवला. सतारीची कॅसेट होती. डोळे मिटून ऐकायला लागले. सुरुवातीला वाटलं, वा! आवाज दांडगा, स्वच्छ. मग वादकानं एक सूर छेडला आणि सोडून दिला. सूर विरत विरत गेला, आणि अगदी विरायच्या टोकाला तो खरखरीत झाला. तांदळात बारीक खडा लागावा तसा. पुढचा सूर आला, तोही शेवटी तसाच. मोठ्या आवाजात काही नाही, हळू झालं की खडा.

मी डोळे उघडले. विद्याधर माझ्या तोंडाकडे बघत होता. पलीकडून अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे," मी म्हणाले.

अण्णांनी वड्याला हात घातला. विद्याधर तर असा खुलला की विचारू नका. आतून एक मोठं खोकं घेऊन आला. त्यात तसेच बोर्ड, ओळीनं रचलेले. "तीस आहेत," तो म्हणाला. "इथल्या एका संगीत शाळेनं घेतलेत. मुलांनी तंबोरा कानात ठेवून हळू आवाजात रियाज करायचा, अशी त्यांची कल्पना आहे. परवा द्यायचे. हे चालले की अजून दोन शाळा तयार आहेत. मग मी कारखान्यातली नोकरी सोडतोय. राजीनामा लिहून ठेवलाय."

"सोडतोय काय, उद्याच देतोय म्हणतोय," आतून काकूंचा आवाज आला. लक्ष खरंच इकडेच होतं त्यांचं.

हळू आवाजात! तंबोरा! जिथं खडा होता नेमका तिथंच. तीस गाणारी माणसं कान लावून बसणार आणि पहिल्याच दिवशी तीसही परत येणार. आणि हा तोवर राजीनामा देऊन बसलेला असणार. मी बोलले तर स्थळ जातं. नाही बोलले तर हा जातो. मी वडा हातात घेतला, परत ठेवला. पुन्हा घेतला.

"खा की," अण्णा म्हणाले.

"फीडबॅक कुठून घेतलाय?" माझ्या तोंडून गेलं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"आयसीच्या पायापासून," विद्याधर म्हणाला. "का?"

"आणि आयसीच्या पुढं ट्रान्झिस्टरची जोडी आहे ना? ती बाहेरच राहिली."

"राहू दे की. अगदी साधी जोडी आहे."

"सूर विरताना खरखरतोय."

त्याचे कान लाल झाले. "आत्ता तर छान म्हणालात."

"म्हणाले खरी."

"हे बघा," असं म्हणत त्यानं टेबलाखालून एक जुना स्कोप ओढला, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारं ते यंत्र. भराभरा वायरी जोडल्या. पडद्यावर लाट आली, गुळगुळीत, एकही खोट नाही. "दाखवा. कुठाय खरखर? दाखवाच."

"मोजताय कुठं तुम्ही? आयसीच्याच पायावर. खरखर त्याच्या पुढं होतेय."

"अहो, मी सहा महिने यावर काम करतोय!"

"करा हो. पण मोजताय चुकीच्या जागी."

आमचे आवाज चढले होते. काकू हातात झारा घेऊन दारात आल्या. "काय झालं? तुम्ही घर बघायला आलात की परीक्षा घ्यायला?" त्या हसत बोलल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आमचा विद्या कॉलेजात पहिला आलेला आहे हो."

मी मनातल्या मनात चौथं स्थळ खोडलं. आता अण्णा उठणार, हात जोडणार, पोर जरा आगाऊ आहे म्हणणार, हे सगळं मला पाठ होतं. पण अण्णांनी टोपी सारखी केली आणि मलाच विचारलं, "वैजे, भांडण कशाचं चाललंय? मला कळेल असं सांग."

आता सांगायचं ते सांगितलं. "अण्णा, अॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करायचा. पण मोठा करताना तो थोडा बिघडतो. म्हणून बाहेर पडलेल्या आवाजातला थोडासा परत आत आणायचा आणि आत आलेल्या आवाजाशी ताडून बघायचा. फरक दिसला की तेवढा सुधारायचा. तुम्ही कोटाला कच्चा टाका घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर बघता ना, तसं."

"ट्रायल."

"ट्रायलच. याला फीडबॅक म्हणतात. यांच्यात आवाज आधी आयसीतून, म्हणजे त्या काळ्या चिपमधून जातो, मग दोन ट्रान्झिस्टरमधून, मग हेडफोनला. यांनी ताडून बघायची वायर आयसीपाशीच घेतली. पुढं ट्रान्झिस्टर काय करतात ते कुणी बघतच नाही."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. मग विद्याधरकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, "म्हणजे राव, कोटाची ट्रायल तुम्ही हँगरवर घेतली म्हणायची."

विद्याधर डबीकडे बघत उभा होता. मग त्यानं सोल्डरिंग आयर्न चालू करून माझ्यापुढं धरलं. "करा," तो म्हणाला. "तुम्हीच करून दाखवा."

मी पदर खोचला. आईनं हौसेनं नेसवलेली मोतिया रंगाची इरकल होती, आणि खाली बघून मी तिची मनातच माफी मागितली. वायरीचं एक टोक आयसीच्या पायावरून उचललं आणि ट्रान्झिस्टरच्या पुढं, हेडफोनच्या तोंडाशी नेऊन चिकटवलं. दोन मिनिटांचं काम. "हं, आता लावा," मी ऐटीत म्हणाले.

त्यानं बटण दाबलं. पडद्यावरची बारीक रेघ एकदम फुगून बोटभर जाड झाली. आणि त्याच क्षणी आत रेडिओ चेकाळला. घर्रर्र, कीं, घर्रर्र!

"विद्या!" काकू आतून ओरडल्या. "पुन्हा तेच सुरू केलंस का? अरे आता नाव सांगणार होते रे!"

त्यानं झटकन बटण बंद केलं. रेडिओ शुद्धीवर आला. मी त्याच्याकडे वळले. "पुन्हा तेच म्हणजे?"

आता त्याचे कानच काय, मानसुद्धा लाल झाली होती. "आधी मी वायर तिथंच लावली होती," तो म्हणाला. "तुम्ही आत्ता लावलीत तिथंच. पण ट्रान्झिस्टरमधून फिरून यायला आवाजाला जरा उशीर होतो. सुधारणा वेळेवर पोचत नाही, मग सर्किट आपलंच आपण घुमायला लागतं. आपल्या कानाला कळत नाही. आईच्या रेडिओला कळतं. महिनाभर हिची एक श्रुतिका धड झाली नाही. शेवटी हिनं सांगितलं, घरात एक तर रेडिओ राहील नाही तर तुझी डबी. म्हणून वायर मागं घेतली. मागं घेतल्यावर घुमणं थांबलं, आणि मी स्वतःलाच पटवलं की असंच चांगलं आहे."

"मग मघाशी सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही छान आहे म्हणालात," तो म्हणाला. "मग कशाला सांगू?"

मला हसू फुटलं. तोही हसला. अण्णा मात्र हसले नाहीत, ते दुसरा वडा खात होते आणि पडद्याकडे बघत होते.

"आयसीला जरा हळू करू या," मी म्हणाले. "ट्रान्झिस्टर मागं पडतायत, कारण आयसी फार पळतोय. त्याच्या पायाला एक बारीक कपॅसिटर टाकू. आपल्या ऐकण्यातलं काही जाणार नाही, नुसती वरची वरची धावपळ थांबेल."

"केवढा?"

"काय आहे तुमच्याकडे?"

त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. मग आम्ही दोघं त्या ढिगात डोकं घालून बसलो. दहाचा लावला, रेघ जाडच राहिली आणि आतून "अरे देवा!" ऐकू आलं. बावीसचा लावला, रेघ थोडी उतरली. तो म्हणाला हेडफोनची वायर लांब आहे, तिच्याआधी एक छोटा रेझिस्टर टाकू. मी म्हटलं टाका, पण फीडबॅकची वायर रेझिस्टरच्या अलीकडून घ्या. तो म्हणाला ते कळतं मला. मी म्हटलं कळतं तर घ्या. तेहतीसचा लावला. बटण दाबलं. रेघ केसासारखी बारीक, आणि आतून रेडिओतल्या बाईचा स्वच्छ, ठणठणीत आवाज.

"हां, आता कसं!" काकू म्हणाल्या.

मग त्यानं हेडफोन माझ्याकडे न देता अण्णांच्या डोक्यावर चढवला, टोपीसकट. सतार लावली. अण्णा ताठ बसले. तीस वर्षं मशीनच्या आवाजात काढलेला माणूस. जरा वेळानं त्यांची मान आपोआप डोलायला लागली, मग थांबली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "सूर संपतो कधी तेच कळत नाही गं," ते जोरात म्हणाले, कानावर हेडफोन असल्यावर माणूस बोलतो तसं.

पण आनंद तिथंच संपला. अडीच तास झाले होते. माझ्या पदराला राळेचा डाग पडला होता. टेबलावर वड्यांच्या शेजारी वायरींचे तुकडे होते. घर बघायला आलेल्या मुलीनं घरातली एकही खोली-मोरी बघितली नव्हती. काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. कळवतो."

कळवतो म्हणजे काय, ते मी तीनदा शिकले होते.

एसटी स्टँडवर कऱ्हाडची गाडी लागलेली होती. आम्ही खिडकीपाशी बसलो. अण्णा वर बघत होते, मी बाहेर. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "चुकीचं काही बोलली नाहीस तू." मग मात्र मला रडूच आलं. तीन स्थळांना मी एक थेंब गाळला नव्हता. या वेळी हुंदके देऊन रडले, पुढच्या बाकावरची म्हातारी मागं वळून बघायला लागली इतकी.

"अहो, माळवदे!"

खिडकीखाली विद्याधर उभा होता. सायकल अंगावर, धाप लागलेली. मी नाक पुसलं. अण्णा एकदम समोरच्या पत्र्यावरची चुन्याच्या डबीची जाहिरात वाचायला लागले.

"एक विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "तुम्हाला खरखर पहिल्यांदाच ऐकू आली होती ना?"

"हो."

"मग छान का म्हणालात?"

"लग्न जमावं म्हणून," मी म्हणाले. आता उरलंच काय होतं लपवायला.

"आणि मग खरं का सांगितलंत?"

"तुम्ही राजीनामा देणार होतात. शाळेत तुमची फजिती झाली असती."

"पण खरं बोललात तर लग्न मोडेल हे माहीत होतं की."

"होतं."

"तरी बोललात?"

"मोडलं तर मोडलं म्हटलं. तुमचं नाव खराब नको व्हायला."

तो नुसता खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. कंडक्टर दारात येऊन घंटीची दोरी चाचपायला लागला.

"आईनं पाठवलंय मला," विद्याधर घाईघाईनं म्हणाला. "ती म्हणाली, ती मुलगी निघून गेली तर माझा रेडिओ कुणाच्या भरवशावर? आणि मलाही विचारायचं होतं. म्हणजे, तीस बोर्ड आहेत. तीसही वायरी हलवायच्यात. परवा द्यायचेत. मला एकट्याला नाही व्हायचं. ते तीसही नाही, आणि नंतरचं पण नाही."

माझ्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदाच शब्द मिळेना, आणि तोही नेमका तेव्हा. मी अण्णांकडे बघितलं.

अण्णांची जाहिरात वाचून झाली होती. ते उठले, वरच्या फळीवरून नारळाची पिशवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि दारातल्या कंडक्टरला विचारलं,

"कऱ्हाडची शेवटची गाडी कितीला हो?"